एक मिलिमीटर

शपथेवर सांगतो: सुधाकर अमृतकर,
वय एकोणसाठ, राहणार गंगापूर रोड,
धंदा इमारतींची नाडी बघणे.
शेवटचं मनात म्हणालो.
टायपिस्टनं "सर्वेक्षक" एवढंच उमटवलं.

वादी विजया कोठावदे. प्रतिवादी भास्कर गांगुर्डे.
मधे नऊ इंची भिंत, दोघांची सामाईक,
पाथर्डी फाट्यामागच्या रो-हाऊसांतली,
आणि भिंतीत भेग,
विटेमागून वीट, जिना चढावा तशी चढलेली.

चार वर्षांपूर्वी गांगुर्ड्यांनी टाकीसाठी खड्डा घेतला, आठ फूट.
बाई म्हणतात, त्यानंच माझी भिंत फाडली.
मला कोर्टानं नेमलं. फी बाईंनी भरायची, असा हुकूम.
घरी वाळवलेल्या मनुकांची पुडी त्यांनी वरून पुढे केली,
ती घेतली नाही.
एक मनुका खाल्ली. तेवढी अहवालात नाही.

भेगेवर काचेच्या तीन पट्ट्या चिकटवल्या, तारखा घालून,
आणि वाट पाहिली.
श्रावणात पहिली तडकली, वैशाखात दुसरी.
तिसरी अजून शाबूत आहे, का ते मला माहीत नाही.
खाली काळी माती. पाणी प्याली की फुगते,
उन्हात आखडते,
सातबारा कोणाच्या नावावर आहे हे विचारत नाही.

मग बॅटरी लावून भेगेत सुई घातली.
वर क्रीम रंग, त्याखाली पिस्ता,
आणि पिस्ता भेगेच्या ओठांवरून आत उतरलेला,
चांगला बोटभर.
रंगाऱ्याचा ब्रश उघड्या जागीच पोचतो.
"पिस्ता कधी लावला?"
"थोरलीच्या लग्नात," बाई म्हणाल्या,
आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.
थोरलीचा मुलगा आता पाचवीत आहे.

पिंजऱ्यात निकुंभ वकील, बाईंचे:
"प्रतिवादीकडे चहा घेतला होता?"
"दोन्हीकडे घेतला. गांगुर्ड्यांचा गोड होता."
"हो की नाही सांगा. खड्ड्यानंतर भेग वाढली?"
"वाढली."
"म्हणजे खड्ड्यामुळे!"
"नंतर, एवढंच म्हणालो. चारांतले तीन मिलिमीटर जुने आहेत."
"आणि चौथा?"

चौथा.
बांगडीच्या काचेहून बारीक.
त्यात खड्डा असेल, दोन पावसाळे असतील,
ट्रकांची ये-जा असेल, माझ्या मोजण्यातला हात असेल.
"चौथ्याचं मला सांगता येत नाही."
न्यायाधीशांचं पेन थांबलं.
तज्ज्ञानं असं म्हणायचं नसतं, हे
पंखासुद्धा जाणून होता.

गोदेला पूर आला की अख्खं शहर
दुतोंड्या मारुतीकडे पाहतं:
कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत.
त्याची उलटतपासणी कोणी घेत नाही.
फीही कोणी भरत नाही.
त्याला दोन तोंडं, तरी साक्ष एकच.
मला एकच तोंड,
आणि वकील दोन.

मेहेर सिग्नलपाशी बाईंनी गाठलं.
निकालाचं विचारतील, असं वाटलं.
"भिंत पडेल का हो?"
तीन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं,
दाव्यात नाही, जबाबात नाही, माझ्याच अहवालातही नाही.
"नाही पडणार. गच्चीचं पाणी पायथ्याशी मुरतंय.
पाईप लावा, साडेतीनशेचा."
त्या थांबल्या. रस्त्यापलीकडे गांगुर्डे
पावती खिशात घालून स्कूटर ढकलत होते.
"कोणाच्या बाजूनं लावायचा?"

मी टेप उघडून, उगाच, पुन्हा मिटली.